पुणे नगरपालिकेतील जोतीराव

महात्मा जोतीराव फुले म्हटले की १८४८ साली भिडेवाड्यात उघडलेली मुलींची शाळा आणि १८७३ साली स्थापन झालेला सत्यशोधक समाज ही दोन कार्ये प्रथम आठवतात. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, ही गोष्ट मात्र त्या मानाने अपरिचित राहिली आहे. वस्तुतः सार्वजनिक पैशाविषयी त्यांची दृष्टी काय होती, हे त्या काळातच सर्वांत स्पष्ट दिसते.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. पेशव्यांकडे फुले पुरविण्याच्या कामामुळे गोऱ्हे हे मूळ आडनाव मागे पडून घराण्यास फुले हे नाव मिळाले. जोतीराव केवळ लेखक व सुधारक नव्हते. पुण्याच्या परिसरातील सरकारी बांधकामांची कंत्राटे त्यांनी घेतली होती आणि मांजरीस त्यांची शेती होती. दगड, चुना आणि मजुरी यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ असे. नगरपालिकेच्या सभेत खर्चाचा कागद पुढे आला की त्यामागे कोणाचा घाम आहे, हे त्यांना निराळे सांगावे लागत नसे.

त्या काळचे सभासद निवडून आलेले नसत; सरकार त्यांची नेमणूक करी. ज्याने नेमले त्याच्या मर्जीविरुद्ध बोलणे सोपे नव्हते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार, म्हणून स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. १८७६ पासूनच्या दुष्काळात दक्षिणेतील खेडी उजाड झाली होती, आणि त्याच काळात लिटनसाहेबांनी १८७७ साली दिल्लीस थाटाचा दरबार भरविला होता. दुष्काळग्रस्त मुलांच्या अन्नाची व्यवस्था करताना जोतीरावांनी ती उपासमार जवळून पाहिली होती. करदात्यांचा पैसा शोभेत घालविण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणास द्यावा, असा आग्रह त्यांनी धरला. मतदान झाले तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधी मत त्यांचे एकट्याचेच होते. प्रस्ताव अर्थातच संमत झाला.

त्याच वर्षी शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध त्यांनी नगरपालिकेस लिहिले. दुकानांपासून सरकारी तिजोरीत पैसा येतो; त्यातून होणारी कुटुंबांची धूळधाण कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही, ही विसंगती त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

भव्य मंडई बांधण्याच्या योजनेसही त्यांचा व त्यांचे सहकारी हरी रावजी चिपळूणकर यांचा विरोध होता. जेथे गोरगरिबांच्या मुलांना शाळा नाहीत तेथे इमारतीवर एवढी रक्कम घालावी काय, हा त्यांचा प्रश्न होता. तरीही मंडई उभी राहिली. १८८६ साली तिचे उद्घाटन झाले आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले.

पुढे इतिहासाने विलक्षण न्याय केला. विसाव्या शतकात, आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना, त्याच वास्तूस महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या वास्तूच्या खर्चास जोतीरावांनी विरोध केला, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. मंडईने पुणेकरांची सोय केली हे कोणीही मान्य करील. परंतु म्हणून जोतीरावांचा प्रश्न चुकीचा ठरत नाही. आधी काय आणि नंतर काय, हा क्रम कोणीतरी विचारावाच लागतो.

१८८२ साली नगरपालिकेतील त्यांची कारकीर्द संपली. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे निवेदन सादर करून त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. सभागृहात जी मागणी एका मतावर थांबली होती, तीच त्यांनी आता देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्यांपुढे मांडली. १८८८ साली मुंबईच्या जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांची मंडळेही लहानशा नगरपालिकाच असतात. वर्गणी गोळा होते, सभा भरते, अंदाजपत्रक मांडले जाते, आणि उत्सवाच्या मांडवापासून मुलांच्या मराठी वर्गापर्यंत अनेक खर्च एकाच तिजोरीवर हक्क सांगतात. अशा वेळी एखादा सभासद एकटाच उभा राहून अडचणीचा प्रश्न विचारू लागला, तर त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी जोतीरावांचे स्मरण करण्याचा याहून उचित मार्ग मला दिसत नाही.