कर्मवीर दादासाहेब गायकवाड : भूमिहीनांच्या भाकरीसाठी लढलेला नेता

दरवर्षी १५ ऑक्टोबरला दादासाहेबांच्या फोटोला हार घातला जातो, अभिवादनाच्या पोस्ट फिरतात आणि दुसऱ्या दिवशी विषय संपतो. काळाराम मंदिर सत्याग्रहातले बाबासाहेबांचे सहकारी एवढीच त्यांची ओळख अनेक तरुणांना आहे. पण दादासाहेबांच्या कामाचा मोठा भाग गरिबीशी, आणि गरिबीच्या मुळाशी असलेल्या जमिनीच्या प्रश्नाशी जोडलेला होता.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, आंबे या गावी झाला. त्या काळी महार समाजाच्या वाट्याला वतनाची तुटपुंजी जमीन आणि गावकीची रात्रंदिवस राबणूक होती. पिढ्या वाढल्या, वतनाच्या तुकड्यांचे आणखी तुकडे झाले, राबणूक मात्र कमी झाली नाही. आपल्या माणसाची गरिबी नशिबाने आलेली नाही, ती व्यवस्थेने लादलेली आहे, हे भाऊरावांनी पुस्तकात वाचण्याआधी गावात पाहिले होते.

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे अनेक वर्षे चालला. बाबासाहेब मुंबईत किंवा परदेशात असताना नाशिकची आघाडी दादासाहेबांनी सांभाळली. माणसे जमवणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची चौकशी करणे, बहिष्कार सोसणाऱ्या खेड्यांत जाऊन धीर देणे हे सगळे त्यांनी केले. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधिमंडळात गेले. तरीही ते शेवटपर्यंत खेड्यातल्या माणसाचे पुढारी राहिले.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत बाबासाहेबांना खेड्यातल्या भूमिहीन मजुरांची फार काळजी वाटत असे. शिकलेला तरुण शहरात जाऊन नोकरीला लागला, पण गावात राहिलेल्या शेतमजुराचे काय? बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दादासाहेबांनी हा प्रश्न आपला मानला. १९५७ ते १९६२ ते लोकसभेत आणि नंतर १९६८ पर्यंत राज्यसभेत होते. संसदेत बोलत असतानाच त्यांनी रस्त्यावरचा लढाही उभा केला.

१९५९ साली महाराष्ट्रात भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला. खानदेश, नाशिक, मराठवाडा इथल्या मजुरांनी पडीक सरकारी जमिनी कसायला मागितल्या आणि तुरुंग भरले. त्यात बौद्ध होते, तसेच आदिवासी आणि इतर जातींतले गरीबही होते. त्या वेळी पक्षातल्याच काही शिकलेल्या मंडळींना हा मार्ग पटला नाही. जमिनीचा लढा म्हणजे कम्युनिस्टांचा मार्ग, अशी टीका झाली आणि पक्षात फूट पडली. दादासाहेब मागे हटले नाहीत. उपाशी माणसाला संविधानाने दिलेले हक्क वापरता यावेत, तर त्याच्या पायाखाली हक्काची जमीन हवी, ही त्यांची भूमिका होती.

१९६४ साली रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापुढे मागण्यांची सनद ठेवली. पडीक जमिनीचे वाटप, धान्याचे योग्य वितरण, महागाईला आळा, किमान वेतन, झोपडपट्टीवासीयांचे प्रश्न, बौद्धांना सवलती आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र, अशा मागण्या त्यात होत्या. भाकरी आणि स्वाभिमान एकाच कागदावर मागितले होते. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्याने तुरुंगात जाणे म्हणजे घरची चूल थंड पडणे. वस्तीच पाठीशी उभी राहिली, म्हणून ते शक्य झाले.

१९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

आज त्यांच्या नावाने कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची ही योजना. पण सरकारी दराने जमीन विकायला मालक मिळत नाही, म्हणून अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात. विधवा आणि परित्यक्ता भगिनींना प्राधान्य आहे, हे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

तरुण मित्रांनो, इथे आपले काम सुरू होते. आपल्या वस्तीत भूमिहीन कुटुंबे किती, त्यांची यादी विहारात बसून करता येते. कोणाकडे जातीचा दाखला नाही, कोणाचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत नाही, गायरानावर वर्षानुवर्षे कसणाऱ्या कोणाकडे पुरावा आहे, हे लिहून काढता येते. समाजकल्याण कार्यालयात एकटी बाई गेली तर तिला उद्या या म्हणतात, सोबत दहा जण गेले तर अर्ज घ्यावाच लागतो. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग कागदपत्रांच्या आणि प्रवासाच्या खर्चासाठी बाजूला काढला, तर कोणाचाही उत्सव कमी होणार नाही.

दादासाहेबांनी गरिबांसाठी दान मागितले नाही, हक्क मागितला, आणि तो मागायला त्याच गरिबांना एकत्र उभे केले. पुढच्या १५ ऑक्टोबरला हार घालताना आपल्या हातात त्या यादीचा कागदही असावा.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांना विनम्र अभिवादन. जय भीम!