समुद्र घरात आणणारा गॉस

‘फाइंडिंग निमो’मधलं निमोचं घर आठवतंय? पाण्यात डुलणाऱ्या बोटांचा तो गुच्छ म्हणजे सी अ‍ॅनिमोनी, आपल्या भाषेत समुद्रफूल. नाव फुलाचं, पण आहे चक्क मांसाहारी प्राणी. हा प्राणी घरच्या काचेच्या टाकीत पाळायचं वेड लोकांना लावलं ते फिलिप हेन्री गॉस या इंग्रजाने.

गॉसचा जन्म १८१०चा. वडील गावोगाव फिरून छोटी पोर्ट्रेट्स रंगवायचे, त्यामुळे घरात पैशांची कायम ओढाताण. पोरगा पंधराव्या वर्षीच कारकुनीला लागला. १८२७मध्ये न्यूफाउंडलंडला गेला, तिथे किडे जमवायचा नाद लागला. मग कॅनडात शेती केली, ती बुडाली. अलाबामात मास्तरकी केली, तीही काही महिनेच. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या या माणसाने परतीच्या जहाजावर पुस्तक लिहिलं आणि १८४०मध्ये ते छापूनही आलं!

१८५२मध्ये तब्येत ढासळली म्हणून तो डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेला आणि खडकांतल्या डबक्यांत रमला. ओहोटी लागली की हातोडी-छिन्नी घेऊन हा बाहेर. समुद्रफूल ओढून काढलं तर त्याचा तळ फाटतो आणि ते मरतं. म्हणून तो खडकाचा कपचाच फोडून घ्यायचा. (एकदा त्याने समुद्रफुलं उकडून, तळून खाल्ली. आवडली म्हणे!)

खरी अडचण पुढे होती. टाकीतलं पाणी काही दिवसांत नासायचं. त्यावर रॉबर्ट वॉरिंग्टन, अ‍ॅना थिन अशी मंडळी आधीपासून डोकं लावत होती. उपाय सापडला तो समुद्री वनस्पतींत. टाकीत त्या ठेवायच्या, उजेड द्यायचा, म्हणजे त्या पाण्यात ऑक्सिजन सोडतात. गॉसने हे करून पाहिलं आणि कुणालाही कळेल अशा भाषेत लिहिलं. १८५४च्या त्याच्या ‘द अ‍ॅक्वेरियम’ पुस्तकामुळे तो शब्द घराघरांत पोहोचला. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्याने चार क्षार मिसळून समुद्राचं पाणी बनवायची कृतीही दिली.

टाकीतले नियम आजही तेच आहेत. मेलेलं काहीही लगेच बाहेर काढायचं, खायला बेतानंच द्यायचं. पाणी आटलं तर भर गोड्या पाण्याची घालायची, कारण मीठ उडून जात नाही. गॉसची समुद्रफुलं ओहोटीचे चटके सोसणारी, थंड पाण्यातली होती. निमोवाल्या जातीला मात्र उबदार पाणी आणि भरपूर प्रकाश लागतो. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊच नये.

१८५७ हे वर्ष गॉससाठी वाईट ठरलं. फेब्रुवारीत बायको एमिली कॅन्सरने गेली, मागे सात वर्षांचा एडमंड. त्याच वर्षी ‘ओम्फलोस’ आलं. गॉस कट्टर श्रद्धाळू. देवाने पृथ्वी घडवली तीच जीवाश्मांसकट, असं त्याने त्यात मांडलं. ते ना शास्त्रज्ञांना पटलं, ना धर्मवाल्यांना. मुलाला घेऊन तो पुन्हा डेव्हनला गेला आणि १८६०पर्यंत ब्रिटनच्या समुद्रफुलांवरचा सचित्र ग्रंथ पूर्ण केला. चित्रं त्याचीच.

तोवर अ‍ॅक्वेरियमची क्रेझ शिगेला पोहोचली होती. गॉसची पुस्तकं वाचून लोक हातोड्या, बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरले आणि डबकी ओरबाडली गेली. घरी नेलेलं बरंचसं मरायचं, की पुन्हा नवं आणायला हजर! याची सुरुवात आपल्या पुस्तकांनी झाली, हे गॉसला पुढे कळलं आणि फार लागलं. एडमंडने १९०७च्या ‘फादर अँड सन’मध्ये हे लिहिलंय. लहानपणी पाहिलेली ती डबकी आता उरली नाहीत, असंही.

गॉस १८८८च्या ऑगस्टमध्ये गेला. त्याच्या आदल्या वर्षी एडिंबरामध्ये ‘ग्रॅनी’ नावाचं एक समुद्रफूल मेलं होतं. जॉन डॅलियेल या निसर्ग अभ्यासकाने ते १८२८मध्ये किनाऱ्यावरून आणलेलं. तो गेल्यावर दुसऱ्यांनी सांभाळलं. एक बरणी, अधूनमधून शिंपल्यातलं मांस आणि न कंटाळता बदललेलं पाणी, एवढ्यावर ते जवळपास ५९ वर्षं जगलं.