शेजवलकरांचे अपुरे राहिलेले शिवचरित्र

पुण्यात मराठ्यांच्या इतिहासाचा विषय निघाला, की लक्ष पेठांकडेच वळते. नारायण पेठेत केसरीवाडा, तर लगतच्या सदाशिव पेठेत इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ. मात्र या इतिहासाचा एक अत्यंत परखड अध्यापक नदीपलीकडे, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात कार्यरत होता. त्र्यंबक शंकर शेजवलकर हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म २५ मे १८९५ रोजी राजापूर तालुक्यातील कशेळी येथे झाला. 'प्रगति' साप्ताहिकातील लेखनाने ते प्रथम वाचकांसमोर आले. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाचे प्रपाठकपद त्यांच्याकडे आले. पारसनीसांचा साताऱ्यातील ऐतिहासिक संग्रहही त्याच वर्षी तेथे हलविण्यात आला. १९५५ पर्यंत शेजवलकर या कागदपत्रांच्या सहवासात राहिले.

पानिपत हा त्यांच्या संशोधनाचा गाभा. १९४६ मध्ये त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. मराठी ग्रंथ १९६१ मध्ये, लढाईला दोनशे वर्षे होत असताना प्रसिद्ध झाला. तोपर्यंत पराभवाचे सारे खापर सदाशिवरावभाऊंच्या माथी फोडण्याची रीत होती. शेजवलकरांनी नकाशे, रसद व छावणीतील उपासमार यांचा हिशेब मांडला. १७५२ च्या करारान्वये दिल्लीच्या रक्षणाची जबाबदारी मराठ्यांनी स्वीकारली होती; म्हणून ही लढाई परकीय आक्रमणाविरुद्धची होती, असे त्यांचे प्रतिपादन. त्यांनी भाऊंना न्याय दिला, पण नानासाहेब पेशव्यांच्या धोरणावर कठोर टीका केली. पेशवाईच्या अभिमानावर पोसलेल्या पुण्यात हे लिहिणे सोपे नव्हते.

शिवचरित्राबाबतही त्यांनी हीच कसोटी लावली. उत्तरकालीन बखरींवर विसंबायचे नाही, आधी साधने तपासायची, मगच लेखणी उचलायची. प्रस्तावना लिहून झाली, आराखडाही सिद्ध झाला. आणि २८ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. इतकी शिस्त त्यांनी थोडी सैल केली असती, तर चरित्र हाती आले असते, अशी हळहळ आजही वाटते.

प्रस्तावना, आराखडा व साधने यांचा 'श्री शिवछत्रपति' हा ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६६ चा साहित्य अकादमी पुरस्कार या अपुऱ्या चरित्रालाच मिळाला.