डोलीतून सैन्य नेणारे सेनापती : रादोमिर पुतनिक

पहिल्या महायुद्धात सर्बियासारख्या छोट्या देशाने बलाढ्य ऑस्ट्रिया-हंगेरीला दोनदा मागे रेटलं. त्यामागे होते दम्याने जर्जर झालेले सेनापती रादोमिर पुतनिक.

पुतनिक यांचा जन्म 1847 साली क्रागुयेवात्स इथे एका शिक्षकाच्या घरी झाला. तोफखान्याचं शिक्षण घेऊन ते सैन्यात गेले. 1876 ते 1878 मध्ये तुर्कांविरुद्ध लढले, पुढे लष्करी अकादमीत शिकवलं. पण राजघराण्याची मर्जी फिरली आणि त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आलं. 1903 मध्ये बंडात राजा अलेक्झांडर मारला गेला, तेव्हा नव्या राजवटीने त्यांना परत बोलावून सेनाप्रमुख केलं. जुन्या सैन्याची त्यांनी नव्याने बांधणी केली. 1912 मध्ये कुमानोव्हो इथे तुर्कांचा पराभव झाला आणि 'व्होय्वोदा' हा सर्वोच्च हुद्दा मिळवणारे ते पहिले सर्बियन अधिकारी ठरले.

जुलै 1914 मध्ये ते उपचारासाठी चक्क ऑस्ट्रियातच होते. संबंध तुटताच परतीच्या वाटेवर बुडापेस्टला त्यांना अटक झाली. मात्र सम्राट फ्रान्झ जोसेफने त्यांना सोडून दिलं. इकडे बेलग्रेडमध्ये युद्धाचे आराखडे तिजोरीत बंद, त्यामुळे ती फोडावी लागली!

मायदेशी आल्यावर थंडी सोसत नसल्याने पुतनिक उबदार खोलीतूनच सूत्रं हलवायचे. ऑगस्टमध्ये त्सेर डोंगराजवळ शत्रू हरला. डिसेंबरच्या सुरुवातीला बेलग्रेड पडलं, पण कोलुबारा नदीकाठी जनरल मिशिच यांनी प्रतिहल्ला चढवला आणि 15 डिसेंबरला राजधानी परत मिळाली.

ऑक्टोबर 1915 मध्ये मात्र जर्मनी, ऑस्ट्रिया आणि बल्गेरिया एकदम चालून आले. बल्गेरियाची जमवाजमव पूर्ण होण्याआधीच हल्ला करावा, असं पुतनिक यांचं मत होतं. मित्रराष्ट्रांनी ते मानलं नाही. आता दोनच पर्याय उरले, शरणागती नाहीतर देश सोडणं. नोव्हेंबरअखेर त्यांनी माघारीचा हुकूम दिला. सैन्य आणि सामान्य माणसं बर्फातून, मॉन्टेनेग्रो-अल्बेनियाच्या डोंगरांतून समुद्राकडे निघाली. थंडी, भूक आणि रोगराईने हजारोंचा बळी घेतला. चालता येत नसलेल्या पुतनिक यांना सैनिकांनी डोलीत बसवून नेलं.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर सरकारने त्यांना पदावरून दूर केलं. पराभवाचं खापर कोणावर तरी फुटायचंच होतं. पुढे फ्रान्समधल्या नीस शहरात 17 मे 1917 रोजी त्यांचं निधन झालं.

पण त्यांनी शरण न जाता वाचवलेलं सैन्य संपलं नव्हतं. 1918 च्या सप्टेंबरमध्ये त्याच सैन्याने सलोनिकाची आघाडी फोडायला हातभार लावला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी बेलग्रेड मुक्त केलं. पुतनिक यांच्या अस्थी 1926 मध्ये त्याच शहरात आणून पुरण्यात आल्या.