व्हिएन्नाचे महापौर कार्ल झाइट्स

महापौर म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे झगा, हार आणि फीत कापण्याची कात्री एवढेच येई. मुंबईत १८८८च्या कायद्यापासून खरा कारभार आयुक्तांच्या हाती. तेव्हा माझे तरी काय चुकले? कार्ल झाइट्स यांचे चरित्र वाचले आणि या समजुतीला तडा गेला.

झाइट्स १८६९ साली व्हिएन्नात जन्मले. वडील किरकोळ व्यापारी. ते लवकर वारले आणि मुलाची रवानगी अनाथाश्रमात झाली. पुढे ते शिक्षक झाले, समाजवादी झाले आणि त्यापायी १८९७ मध्ये नोकरीस मुकले. १९०१ मध्ये संसदेत गेले. पहिल्या महायुद्धानंतर काही काळ तर ऑस्ट्रियाचे राष्ट्रप्रमुखच होते. नोव्हेंबर १९२३ मध्ये ते महापौर झाले.

त्या वेळच्या व्हिएन्नात कामगाराचे बिऱ्हाड म्हणजे एक खोली व स्वयंपाकघर. नळ आणि संडास सामाईक, बाहेरच्या बोळात. काहीजण तर नुसती खाट झोपेपुरती भाड्याने घेत. चाळीत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे वेगळे समजावून सांगायला नको!

१९२२ मध्ये व्हिएन्नाला स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाला आणि त्याबरोबर कर बसविण्याचा अधिकारही. सारी मेख इथे आहे. अर्थखाते सांभाळणाऱ्या ह्यूगो ब्राइटनर यांनी १९२३ मध्ये घरबांधणी कर बसविला. हा कर झाइट्स यांच्या आधीचा, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तो अकरा वर्षे टिकवून धरला त्यांनी. मोठ्या घरांना दर चढा, लहानांना नाममात्र. घरे कर्जाऐवजी कराच्या पैशातून उभी राहिली, म्हणून भाडे केवळ देखभालीपुरते ठेवता आले. १९३४ पर्यंत साठ हजारांवर बिऱ्हाडे झाली. १९३० मध्ये उद्घाटन झालेल्या कार्ल मार्क्स होफमध्ये १,३८२ बिऱ्हाडे, आणि बांधकाम जेमतेम पाचव्या हिश्श्यावर. बाकी अंगण नि बाग. खोल्या लहानच होत्या आणि न्हाणीघर सामाईक, ही टीका मला रास्त वाटते. तरी याच दशकात मुंबई सरकारने बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतील १६० चौरस फुटांची खोली आठवली की मी गप्प बसतो.

फेब्रुवारी १९३४ मध्ये डॉलफुस सरकारने याच इमारतीवर तोफा डागल्या. झाइट्स यांना नगरभवनातच अटक झाली. १९४४ मध्ये नाझींनी त्यांना रावेन्सब्रुकच्या छळछावणीत धाडले. तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तर होते. ते जिवंत परतले आणि १९५० मध्ये वारले. फ्लोरिड्सडॉर्फ भागातील एका वसाहतीला त्यांचे नाव आहे.