५३-एन नंबरची बाटली: वाल्डेमार हाफकिन यांची गोष्ट

फोनमध्ये कोविडच्या लसीचं सर्टिफिकेट अजून सेव्ह असेल तर एकदा उघडून बघा. त्यावर तुमचं नाव, लसीचं नाव, तारीख आणि बऱ्याच सर्टिफिकेट्सवर बॅच नंबरही आहे. या नंबराकडे आपण कोणी ढुंकूनही बघत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी अशाच एका नंबरामुळे एका मोठ्या शास्त्रज्ञाचं करिअर उद्ध्वस्त झालं. तो नंबर होता ५३-एन, आणि शास्त्रज्ञ होते वाल्डेमार हाफकिन. मुंबईत परळला ज्यांच्या नावाची संस्था आहे, तेच.

हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आपण लहानपणापासून ऐकतो. सर्पदंशावरचं औषध, पोलिओचे डोस, स्पर्धा परीक्षेतला एक मार्क. पण हा माणूस कोण, कुठला, इथे कसा आला, हे फारसं कोणी सांगत नाही. आज त्यांचीच गोष्ट बघू. टेक्नॉलॉजी चांगली असली तरी ती लोकांपर्यंत कशी न्यायची आणि काही बिघडलं तर दोष कोणावर टाकायचा, हे शेवटी सरकारी धोरण ठरवतं. हाफकिन यांनी त्याची दोन्ही टोकं भोगली.

ओडेसातला मुलगा, पॅरिसमधला लायब्ररीवाला

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा हे शहर रशियन साम्राज्यात होतं, आज ते युक्रेनमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठात ते प्राणीशास्त्र शिकले. पुढे नोबेल मिळवणारे मेचनिकोव्ह त्यांचे शिक्षक होते. झारच्या राज्यात ज्यू असणं सोपं नव्हतं, त्यात हाफकिन राजकारणात पडलेले. ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा बचावासाठी उभे राहिले, जखमी झाले, अटकही झाली.

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम मिळालं, तेही लायब्ररीत. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात जंतूंवर प्रयोग करायचे, असं चाललं. त्यातून त्यांनी कॉलराची लस बनवली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःला टोचून घेतली.

ते डॉक्टर नव्हते, प्राणीशास्त्रज्ञ होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो महागात पडला.

कॉलरा सगळ्यात जास्त होता तो भारतात, म्हणून १८९३ मध्ये ते इथे आले. दोन-अडीच वर्षं देशभर फिरून त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली. सगळं ऐच्छिक, कोणावर सक्ती नाही. शेवटी मलेरियाने गाठलं आणि ते बरे व्हायला इंग्लंडला गेले. तिथून परत आले तोवर मुंबईत वेगळंच संकट उभं राहणार होतं.

मुंबईत प्लेग

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात लोक काखेत, जांघेत गाठी येऊन मरू लागले. हा प्लेग आहे हे ओळखलं गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. बघता बघता लोक शहर सोडून पळायला लागले. सरकारने हाफकिन यांना बोलावलं आणि ऑक्टोबरात ते मुंबईत दाखल झाले.

लॅब म्हणून काय मिळालं? ग्रँट मेडिकल कॉलेजात छोटीशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी काम सुरू केलं.

पद्धत साधारण अशी होती. मांसाच्या पातळ रसात प्लेगचे जंतू वाढवायचे. वर तुपाचे थेंब सोडायचे, म्हणजे जंतू त्याला धरून खाली लोंबत वाढतात. मग तासभर तापवून ते मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक अ‍ॅसिड घालायचं. मेलेले जंतू टोचले की शरीर शत्रूला ओळखायला शिकतं. आणखी एक गोष्ट: मांस वापरायचं ते बोकडाचं. गाय किंवा डुक्कर वापरलं असतं तर हिंदू किंवा मुसलमान कोणीच लस घेतली नसती. युजर कोण आहे हे त्यांनी आधीच ओळखलं होतं.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिला डोस पुन्हा स्वतःलाच.

प्रयोग कसा करायचा?

लस घेतलेला माणूस जगला, म्हणजे लसीमुळेच जगला का? कदाचित तो मुळात जास्त काळजी घेणारा असेल, चांगल्या घरात राहणारा असेल. आज अ‍ॅपमध्ये नवीन फीचर आणताना आपण ए/बी टेस्ट करतो: सारख्याच दोन गटांपैकी एकाला फीचर द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि फरक बघायचा. हाफकिन नेमकं हेच करत होते.

जानेवारीच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना टोचलं, बाकीच्यांना नाही. जेवण तेच, कोठड्या त्याच. टोचलेल्यांमध्ये आजार स्पष्टपणे कमी दिसला.

पोर्तुगीजांच्या दमणमध्ये आकडे मोठे होते. शहराच्या एका भागात २,१९७ लोकांनी लस घेतली आणि त्यातले ३६ दगावले. न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२ गेले. म्हणजे एकीकडे शंभरात दोनही नाहीत, दुसरीकडे जवळपास पंचवीस.

तरी शंका उरतेच, कारण लस घ्यायची की नाही हे लोकांनी स्वतः ठरवलं होतं. म्हणून १८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावात प्रत्येक घरातल्या साधारण अर्ध्या माणसांना टोचलं. ज्या घरांमध्ये पुढे प्लेग आला, तिथे टोचलेल्या ७१ जणांपैकी ३ गेले, न टोचलेल्या ६४ पैकी २६. छप्पर एक, चूल एक, फरक फक्त सुईचा.

सरकारचा मार्ग, हाफकिन यांचा मार्ग

याच काळात सरकार दुसऱ्या दिशेने निघालं होतं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरात शिरायचं, माणूस उचलून न्यायचा, सामान जाळायचं, सगळे अधिकार सरकारला. पुण्यात रँड यांच्या हाताखाली सैनिक घराघरात, देवघरात घुसले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास आपण शाळेत शिकलो. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

गंमत म्हणजे एवढी सक्ती करूनही प्लेग थांबत नव्हता. सरकारला वाटत होतं की रोग घाणीत आहे, म्हणून घरं कार्बोलिकने धुतली जात होती. पण खरा वाहक होता उंदरावरची पिसू. हे निर्विवाद सिद्ध व्हायला आणखी दहा वर्षं गेली. चुकीच्या समजुतीवर उभं राहिलेलं धोरण कितीही कडक केलं तरी ते चुकीचंच राहतं.

हाफकिन यांनी लोकांचा विश्वास मिळवायचा मार्ग धरला. तरुण आगा खान यांनी आपल्या अनुयायांसमोर जाहीरपणे लस टोचून घेतली आणि लॅबसाठी आपला बंगलाही दिला. लोक हळूहळू पुढे यायला लागले. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली, हाफकिन तिचे प्रमुख. वय एकोणचाळीस. सगळं जमून आलं होतं.

मुलकोवाल

१९०२ मध्ये पंजाब सरकारने प्लेगविरुद्ध मोठी मोहीम काढली. परळकडे लाखो डोसची मागणी आली. जुन्या पद्धतीने एवढी लस वेळेत बनणं शक्य नव्हतं. हाफकिन यांनी पद्धत बदलली. पातळ रसाऐवजी घट्ट अगरवर जंतू वाढवायचे, म्हणजे काम लवकर होतं. कार्बोलिक अ‍ॅसिड घालायचंही थांबवलं. तापवून जंतू मरतातच, आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही त्याशिवाय लस बनत होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या. त्यातल्या ५३-एन या एका बाटलीतून १९ जणांना टोचलं होतं. आठवडाभरात त्या सगळ्यांना धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस जण गेले. बाकीच्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

विचार करा, ही माणसं साथीला घाबरून, सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून आपल्या पायांनी आली होती. पंजाबात लोकांनी लसीकडे पाठ फिरवली, यात नवल नाही.

आता प्रश्न असा: बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले कुठे? परळला, की मुलकोवालला बाटली उघडताना?

सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने बोट ठेवलं परळवर. पद्धत बदलली, कार्बोलिक काढलं, म्हणजे दोष तिथेच. वर हा माणूस परदेशी, ज्यू, आणि डॉक्टरही नाही! हाफकिन यांच्याकडून लॅब गेली, काम गेलं, आणि ते लंडनला निघून गेले.

पण आयोगासमोरच्या साक्षीत एक वेगळीच गोष्ट होती. बाटलीचं बूच काढायचा चिमटा त्या दिवशी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो आगीवर न धरता कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुडवून पुन्हा वापरला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि नुसत्या बुचकळण्याने ते मरत नाहीत. बाटली भरून ४१ दिवस झाले होते. एवढे दिवस जंतू आत वाढले असते तर बाटली उघडताच घाण वास आला असता. तसा वास लस देणाऱ्या डॉक्टरांना आला नव्हता.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे हे लगेच ओळखतील. माझ्या पहिल्याच नोकरीत एकदा रिलीजनंतर सगळं बंद पडलं आणि शेवटचा बदल ज्याने केला होता त्याच्यावर सगळे तुटून पडले. दोन दिवसांनी लॉग नीट वाचले तेव्हा कळलं की चूक सर्व्हरवर कोणीतरी हाताने बदललेल्या सेटिंगची होती. ज्याने शेवटचा बदल केला तोच दोषी, हे म्हणायला सोपं असतं. आमच्याकडे दोन दिवस गेले. हाफकिन यांची पाच वर्षं गेली.

दोषमुक्ती, पण अर्धवट

ही कागदपत्रं पूर्णपणे लोकांसमोर यायलाच काही वर्षं लागली. ती वाचून मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी मिळून पत्र छापलं. परळवर ठेवलेला दोष सिद्ध होत नाही, उलट पुरावा मुलकोवालकडे बोट दाखवतो, असा त्याचा सारांश. ब्रिटिश पार्लमेंटमध्येही विषय निघाला. अखेर १९०७ च्या शेवटी सरकारने हाफकिन यांना पुन्हा कामावर घेतलं.

पण मुंबई मिळाली नाही. त्यांना कलकत्त्याला पाठवलं आणि लसीचं काम पुन्हा हातात दिलं नाही. १९१५ च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात परतले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं. मुंबईने मात्र ते जिवंत असतानाच, १९२५ मध्ये, परळच्या लॅबला त्यांचं नाव दिलं. तोपर्यंत इथून प्लेगच्या लसीचे अडीच कोटींहून जास्त डोस बाहेर गेले होते.

कार्बोलिक काढायचा निर्णय बरोबर होता का? माझ्या मते, एवढ्या मोठ्या मोहिमेच्या तोंडावर संरक्षणाची एक पायरी कमी करणं धोक्याचंच होतं. पण तो बदल का करावा लागला, मागणी कोणी वाढवली, गावातल्या मदतनिसाला चिमटा कसा धुवायचा हे कोणी शिकवलं होतं का, हे प्रश्न सरकारने स्वतःला विचारले नाहीत. एक माणूस काढला आणि फाइल बंद केली.

१८९७ चा तोच साथरोग कायदा २०२० मध्ये कोविडसाठी पुन्हा वापरला गेला, आणि लसींचे बॅच नंबर आपल्या फोनपर्यंत आले. नंबर नोंदवायला आपण शिकलो, हे चांगलंच आहे. ५३-एनचाही नंबर नोंदलेला होता, म्हणूनच ते एकोणीस जण एकाच बाटलीचे हे कळलं. खरी अडचण नोंदीत नव्हती. ती नोंद सगळ्यांसमोर ठेवून शांतपणे वाचण्यात होती.

कधी परळला केईएम हॉस्पिटलकडे गेलात तर जवळच हाफकिन इन्स्टिट्यूटचं गेट दिसेल. नाव तुम्ही आधीही वाचलं असेल. आता त्यामागची बाटलीही आठवेल.