चष्म्याच्या नंबरातला 'सिलिंडर' आला कुठून? स्वतःचाच डोळा मोजणाऱ्या डॉक्टरची गोष्ट

चष्म्याच्या नंबराच्या कागदावर 'सिलिंडर' आणि 'ॲक्सिस' असे दोन रकाने असतात. आडवे आणि उभे सारखेच स्पष्ट न दिसण्याचा दोष, म्हणजे ॲस्टिगमॅटिझम, त्यात नोंदवतात. तो पहिल्यांदा मोजला थॉमस यंग यांनी, तोही स्वतःच्या डोळ्यात.

कोण होते यंग?
१७७३ मध्ये इंग्लंडमधील मिल्व्हर्टन येथे जन्म. पेशाने डॉक्टर. २१व्या वर्षीच रॉयल सोसायटीचे फेलो. इंजिनीअरिंगला शिकवतात तो 'यंग्ज मॉड्युलस' यांच्याच नावाचा. प्रकाश लहरींसारखा वागतो, हेही त्यांनी प्रयोगाने दाखवले.

डोळा कसा मोजला?
स्कॉटिश डॉक्टर विल्यम पोर्टरफील्ड यांचे 'ऑप्टोमीटर' हे साधन यंग यांनी सुधारले. त्यात दोन बारीक फटींतून लांबवर जाणाऱ्या एका रेषेकडे पाहायचे. फोकसबाहेरचा भाग दुहेरी दिसतो. त्यामुळे एकीच्या दोन रेषा होऊन त्या एकमेकींना छेदताना दिसतात. जिथे छेदतात, तिथे डोळ्याचा फोकस. ते अंतर पट्टीने मोजता येते.

यंग यांच्या डोळ्यात उभ्या दिशेचा फोकस १० इंचांवर आला, आडव्या दिशेचा ७ इंचांवर. आजच्या हिशेबात हा फरक सुमारे १.७ डायॉप्टर.

दोष नेमका कुठे?
यंग यांनी पाण्याने भरलेली, भिंग बसवलेली छोटी नळी डोळ्याला लावली. पाण्यामुळे कॉर्नियाचा परिणाम जवळपास नाहीसा झाला, तरी फरक उरलाच. म्हणजे त्यांचा दोष डोळ्याच्या आतल्या भिंगात होता. बहुतेकांमध्ये मात्र तो कॉर्नियाच्या आकारामुळे असतो.

मग चष्मा कधी आला?
हे निष्कर्ष १८०१ मध्ये प्रसिद्ध झाले. पण यंग यांना स्वतःला या दोषाचा फारसा त्रास नव्हता, आणि शोध कागदावरच राहिला. १८२५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी आपल्या डाव्या डोळ्यासाठीच्या सिलिंडर काचेची माहिती मांडली. मोजमाप आणि उपाय यांत २४ वर्षे गेली. १८२९ मध्ये यंग यांचे निधन झाले.

आज काय उरले?
दुकानातल्या अनेक ऑटोरिफ्रॅक्टर यंत्रांमध्ये प्रकाशाच्या दोन वाटा जुळतात का, हेच तपासले जाते. पण यंत्राचा नंबर ही सुरुवात असते. तक्त्यावरची अक्षरे वाचून, काचा बदलून खात्री झाल्यावरच तो पक्का करावा.